होडीत वजन कुठं ठेवायचं?

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'लुईस-क्लार्क मोहिमेतला स्वयंपाक' असा छापलाय. म्हणजे लुईस आणि क्लार्क या दोन कप्तानांनी नेलेली अमेरिकी लष्कराची मोहीम, मिसुरी नदीतून प्रवाहाविरुद्ध पश्चिमेकडे. स्वयंपाकाकडे येतोच. पण शिधा होडीतून जायचा, म्हणून आधी होडी.

मोहीम म्हटली की चित्रात दोन कप्तान उभे, एकाचा हात क्षितिजाकडे. त्या हाताने नाव एक वाव पुढे सरकत नव्हती! मोठी नाव ५५ फूट लांब, ८ फूट रुंद, २२ वल्ह्यांची. सोबत दोन लहान होड्या. वारा पाठीशी असेल तर शीड, नाहीतर वल्ही. उथळ पाण्यात लांब काठ्या तळाला टेकवून रेटायचं, आणि तेही जमेना तर काठावर उतरून दोर खांद्यावर. मिसुरीचा काठ मात्र दोर ओढणाऱ्यांच्या पायाखालूनच ढासळायचा.

१४ मे १८०४ ला निघाले. दुसऱ्याच दिवशी नाव तीनदा बुडालेल्या ओंडक्यांवर चढली. कारण? वजन मागे जास्त. प्रवाहाविरुद्ध जाताना नाळ, म्हणजे नावेची पुढची बाजू, जड हवी. मग ओंडका पुढेच लागतो आणि नाव तिथंच थांबते. नाळ हलकी असली की ती ओंडक्यावरून निघून जाते, मागचा जड भाग अडकतो आणि प्रवाह नावेला आडवी करतो. त्या नद्यांवरच्या मुरलेल्या नावाड्यांना हे पाठ होतं. लष्करी शिस्तीला ओंडक्यांकडून शिकावं लागलं.

आडवी झाल्यावर काय होतं, ते २४ मे ला दिसलं. नाव वाळूत रुतली, फिरली, दोर तुटला. सगळ्यांनी उड्या टाकल्या आणि नाव कलंडू नये म्हणून प्रवाहाकडच्या अंगाला भार दिला. खालची वाळू वाहून गेली, नाव सुटली, गर्रकन फिरून पुढच्या पट्ट्यावर बसली. असं तीनदा! शेवटी मागच्या टोकाला दोर बांधून पोहणाऱ्यांनी तो काठावर नेला. सप्टेंबरात तर रात्री दीड वाजता मुक्कामाचा वाळूचा पट्टाच खचू लागला. पहारेकऱ्यांचा सार्जंट सावध होता, म्हणून सगळे वाचले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, स्वयंपाक. शिधा आळीपाळीने: एक दिवस क्षारात शिजवून सोललेला मका आणि चरबी, दुसऱ्या दिवशी खारं डुकराचं मांस आणि कणीक, तिसऱ्या दिवशी मक्याचं पीठ आणि तेच मांस. ताजी शिकार असली की खारं मांस बंद. चूल फक्त रात्री. त्यातलंच उद्यासाठी राखायचं, कारण वाटेत दिवसा शिजवायला बंदी. पुढे मैदानांत मांस मुबलक झालं, तेव्हा चोवीस तासांना चार हरणं किंवा एक बायसन लागे.

८ जुलैला प्रत्येक तुकडीला एकेक शिधाप्रमुख नेमला. त्याला पहारा माफ, तंबू ठोकणं माफ, सरपणही माफ. त्यातला एक जॉन कॉलिन्स. पहाऱ्यावर असताना ताब्यातलीच व्हिस्की प्यायल्याबद्दल २९ जूनला त्याला १०० फटक्यांची शिक्षा झाली होती.