सेन्सर बदलण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

घरात दहा-पंधरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी असेल, तर गॅरेजमधलं हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल: "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." सेन्सर बदलला जातो, काही हजारांचं बिल होतं आणि गाडी पहिल्यासारखीच पेट्रोल पीत राहते. बहुतेक वेळा सेन्सर खरंच बोलत असतो, फक्त त्याचं म्हणणं कुणी नीट वाचलेलं नसतं.

आधी अ‍ॅव्हरेज खरोखर पडलाय का, ते पक्कं करा. टाकी फुल्ल करा, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरा, आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरनी भागा. दोन-तीन टाक्यांचा हिशेब हाती असू द्या. टायरची हवाही तपासा. गाडी चालवून आल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथला ब्रेक धरून राहतोय. त्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही.

आता इंजिनाकडे येऊ. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, राखतो. इंजिन थंड असताना तो मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड इंजिनात पेट्रोलची पुरती वाफ होत नाही. इंजिन तापल्याचं त्याला कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा सेन्सर कळवतो. आणि इथेच आपल्याकडची एक वाईट सवय आडवी येते. गाडी एकदा गरम झाली की कित्येक गॅरेजांत थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, सरळ काढून टाकतात. मग कुलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि मोकळ्या रस्त्यावर, विशेषतः थंडीत, इंजिन हवं तेवढं तापतच नाही. सेन्सर ते प्रामाणिकपणे सांगतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो आणि ठपका मात्र सेन्सरवर येतो. शिवाय न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, इंजिन झिजतं. थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही. गाडी गरम का झाली, हे शोधायचा कंटाळा आहे तो.

हे घरी तपासता येतं. मुंबई, पुणे, सोलापूर यांच्यासह १३ शहरांत एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचं बीएस-४ मानक लागू झालं, त्याबरोबर नव्या गाड्यांत ओबीडी, म्हणजे इंजिनातले दोष ओळखून नोंदवणारी यंत्रणा, आलं. त्याचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासूनचा. अशा गाडीच्या स्टिअरिंगखाली स्कॅनरचं सॉकेट असतं आणि मोबाइलला जोडायचा साधा अ‍ॅडॉप्टरही बहुधा चालतो. त्याआधीच्या गाड्यांना बऱ्याचदा कंपनीचाच स्कॅनर लागतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी सकाळी ऑन करा, इंजिन चालू करू नका. कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. कुलंट उणे ४० दाखवत असेल, तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. आकडे जुळले तर वीस मिनिटं गाडी चालवा. तापमान ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान स्थिरावलं पाहिजे. ते ६०-६५ वरच घुटमळलं, तर सेन्सरला हात लावू नका, आधी थर्मोस्टॅट बघा.

यानंतर ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूचा, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारा महागडा भाग. इंजिन तापल्यावर पुढच्या, म्हणजे इंजिनाजवळच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली झाला पाहिजे. तो वर अडकला असेल, तर पेट्रोल खरंच जास्त जात असण्याची शक्यता मोठी आहे. गळका इंजेक्टर किंवा थंड राहणारं इंजिन शोधा. खाली अडकला असेल, तर सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला फट आहे का बघा. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. इथे काम वेल्डिंगचं किंवा गॅस्केटचं असतं, सेन्सरचं नसतं. व्होल्टेज वरखाली होतोय, पण अगदी संथपणे, आणि फट कुठेच नाही, तेव्हा मात्र सेन्सर म्हातारा झालाय, तो बदला.

स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या कोडचंही तसंच आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. कुठला पार्ट खराब आहे, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. समुद्राकाठच्या गाड्यांत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, त्या साफ केल्यावरही पुष्कळ तक्रारी मिटतात.

म्हणून गाडी गॅरेजमध्ये देताना टाकीचा हिशेब, सकाळचं आणि तापल्यावरचं तापमान कागदावर लिहून द्या. थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे स्पष्ट विचारा. आणि दुरुस्तीआधी कोड पुसू देऊ नका. त्याच्यासोबत, दोष आला त्या क्षणाचं तापमान आणि इंजिनाचा वेग ईसीयूत साठवलेला असतो, तोही पुसला जातो.