दुखतंय, पण कसं?

(दृश्य : खुर्चीत मागे रेललेली एक तरुणी. दोन्ही गालांवर पांढऱ्या मलमाचा जाड थर, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक. भिंतीवर घड्याळ.)

पंचवीस मिनिटं झाली. तिनं दोनदा विचारून पाहिलं, "आता करायचं का सुरू?" नर्सनं दोन्ही वेळा घड्याळाकडे बोट दाखवलं.

मुरुमांनी पाडलेल्या खड्ड्यांवर उपचार घ्यायला आलेला माणूस घाबरतो तो यंत्राला. पण दुखणार किती, हे बरंचसं यंत्र चालू होण्याआधीच्या या रिकाम्या तासात ठरतं. गालावर आहे ते बधिर करणारं मलम : लिडोकेन अडीच टक्के, प्रिलोकेन अडीच टक्के. एकेकटी असली की ही दोन्ही औषधं घट्ट असतात. एकत्र आली की साध्या तापमानालाच वितळून तेलासारखी होतात, आणि म्हणूनच कातडीत शिरू शकतात. शिरतात मात्र रमतगमत. तासाभरात साधारण 3 मिलिमीटर, दोन तासांत 5. खड्ड्यांवरच्या एका उपचारात कातडीला बारीक सुया टोचतात, त्या दीड ते अडीच मिलिमीटर आत जातात. आता हिशोब करा. पंधरा मिनिटांत मलम पुसून कामाला लागणाऱ्याला मलम लावल्याचं समाधान तेवढं मिळतं.

लिडोकेन तयार झालं 1943 साली, स्वीडनमध्ये. रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफग्रेन यांनी ते बनवलं आणि त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानं त्याची सुई आधी स्वतःलाच टोचून घेतली. आज जगभर माणसं दात काढून घेताना ज्याचे आभार मानत नाहीत, ते हेच औषध.

औषध आहे म्हणजे त्याला मापही आहे. जाड लेप, मोठी जागा, वर प्लॅस्टिक आणि तासन् तास, असं झालं तर ते रक्तात उतरतं. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, चक्कर. यातलं काहीही जाणवलं की लगेच सांगायचं. घरूनच चेहराभर थापून निघण्याची युक्ती म्हणूनच मला पटत नाही. आणि डोळ्यांपासून लांब. हे मलम बुबुळाला इजा करू शकतं.

(दृश्य : मलम पुसलं जातं. सुयांचं पेन गालावरून फिरू लागतं.)

"दुखतंय का?"

हा प्रश्न या खोलीत दिवसभर विचारला जातो आणि त्याचं "थोडंसं" हे उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नसतं. आपल्याकडे दुखण्याला इतके शब्द आहेत! टोचतंय, चुरचुरतंय, आग होतेय, भगभगतंय, हुळहुळतंय, ठणकतंय. ते इथे वापरावेत. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

सुया टोचतात. गालावर कमी, कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर जास्त, कारण तिथे कातडीखाली मऊ गादी थोडी किंवा जाणीव तीव्र. नर्स शेजारीच एक थरथरणारं छोटं यंत्र टेकवते. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, तीच ही गोष्ट. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूपाशी दुखण्याची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं. चोळणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

लेसरचं दुखणं म्हणजे आग. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण कातडीतल्या पाण्यात शोषला जातो आणि बारीक बारीक छिद्रं जाळत जातो. तिथे गार हवेचा झोत कामाला येतो. आग सगळीकडे सारखी असेल तर ठीक. एकाच जागी सणकून चटका बसला, तर दात आवळून सोसू नका, हात वर करा. तिथे दुखणं हीच तपासणी आहे.

(दृश्य : हातमोजा, बारीक सुई, गालावर पेनानं काढलेले गोल.)

आता सबसिजन. खड्डा वरून दिसतो, पण त्याला खाली ओढून धरलेले असतात चिवट तंतू. गालातून सुई आत घालून ते कापायचे. ऐकूनच घाम फुटतो. प्रत्यक्षात जे दुखतं ते कापणं नव्हे, त्याआधीची भुलेची सुई. भुलेचं औषध थोडं आम्लधर्मी, म्हणून आत जाताना झोंबतं. त्यात किंचित सोडियम बायकार्बोनेट मिसळलं, सुई बारीक घेतली आणि औषध सावकाश सोडलं, की झोंबणं बरंच कमी होतं. घाई इथेच नडते. काही वेळा डोळ्याखालच्या नसेजवळ एकच सुई देतात. खालच्या पापणीपासून वरच्या ओठापर्यंतचा भाग बधिर होतो. जबड्याचा कोपरा मात्र जागा राहतो, कारण तिथली नस मानेतून येते. तिथे वेगळी भूल लागते.

दोन गोष्टी आधी सांगितल्या जात नाहीत, आणि जायला हव्यात. भुलेत ॲड्रेनलिन असलं तर काही मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात. ती भीती नव्हे, औषध. आणि तंतू तुटताना आवाज येतो. करकर, कोरडी, अगदी कानाजवळ. दुखत नाही, पण न सांगता ऐकू आली तर माणूस खुर्चीतून उठेल.

अरुंद, खोल खड्ड्यांत लाकडी टूथपिकच्या टोकानं तीव्र ॲसिड टेकवतात. चुरचुरतं, जागा पांढरी पडते, थोड्या वेळात ओसरतं. पंखा पुरतो.

(दृश्य : लालसर चेहरा, व्हॅसलिनची चकाकी, थंड ओला कपडा.)

लेसरनंतर काही तास चेहरा भगभगतो, उन्हात भाजल्यासारखा. गार पट्ट्या, साधं मलम, लागलीच तर पॅरासिटामॉल. इतर गोळ्या डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करणारी चालू गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. नंतर दोनतीन दिवस हुळहुळतं, रोज आदल्या दिवसापेक्षा कमी. हा उतार महत्त्वाचा. तिसऱ्या दिवशी ठणका वाढला, पू दिसला, बारीक फोडांचा पुंजका उठला, तर थेट डॉक्टरांकडे. जंतुसंसर्ग असेल, किंवा नागिणीच्या जातीचा ओठांवर उठणारा विषाणू जागा झाला असेल.

(दृश्य : पुन्हा तीच खुर्ची. दुसरा गाल.)

"दुखतंय का?"

ती क्षणभर थांबते. जीभ गालाच्या आतून फिरवून पाहते.

"दुखत नाही. चुरचुरतंय. इथे, नाकाच्या बाजूला."

नर्स गार हवेची नळी तिकडे वळवते.