टाळ की माळ? छोट्या साउंडबारवर हरवणारे शब्द

(लातूरमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

मागच्या दिवाळीत मी आईसाठी एक छोटा साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचा पट्टीसारखा लांबट स्पीकर, घेतला. दोन फूटही लांब नसेल. आई मूळची गंगाखेडची, वय ८४. जनाबाईच्या गावची म्हणून असेल, पण संध्याकाळचं कीर्तन तिनं कधी चुकवलं नाही. पूर्वी देवळात जायची, आता गुडघ्यांमुळे टीव्हीवर ऐकते. टीव्हीचा आवाज पुरेना म्हणून बार आणला. पहिल्याच संध्याकाळी पखवाज असा घुमला की शेजारची पोरं बघायला आली. पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "आवाज लई मोठा झालाय रे, पण बुवा काय बोलायलेत ते कळंना." मी आवाज आणखी वाढवला. तर म्हणाली, "आता तर काहीच कळंना."

घरात सगळ्यांचं मत एकच पडलं, की वय झालं, कान गेले. मला ते पटलं नाही. समोर बसून आपण साध्या आवाजात बोललो तर आई व्यवस्थित उत्तर देते. मी २८ वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आहे. आवाज वाढवला की समजणं कमी होतं, हे वाक्य माझ्यासाठी तक्रार नव्हतं, निरीक्षण होतं. तेव्हा ते तपासायचं ठरवलं.

पुतणीकडून मोबाइलवर काही शब्द बोलून घेतले. टाळ, माळ, जाळ, गाळ, काळ, बाळ, डाळ, साळ, चाळ, फाळ, असे उलटसुलट क्रमानं. आधी पुतणीनं ते आईला समोर बसून म्हणून दाखवले. एखादा सोडला तर सगळे बरोबर आले. मग तेच शब्द बारवरून मोठ्यानं लावले. टाळचा काळ झाला, साळचा गाळ झाला, फाळचा बाळ झाला. आईच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून मीही ऐकलं. माझेही चार-पाच चुकले.

हे शब्द मी मुद्दाम निवडले होते. 'आळ' सगळ्यांत सारखाच आहे, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी म्हटलं आहे की स्वर स्वतःच्या बळावर उभे राहतात आणि व्यंजन त्यांच्या मागून येतं. ध्वनीच्या ताकदीचा हिशोब मांडला तरी तेच दिसतं. 'आ' लांबतो, घुमतो, त्यात जोर असतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १२५ हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आसपास, बाईचा २०० च्या आसपास. पण 'ट' म्हणजे जीभ टाळूवरून सुटतानाचा एक फटका, सेकंदाचा काही शतांश भाग. 'स' म्हणजे दातांमागून घासत जाणारी हवा, तिची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर. 'प' आणि 'फ' यांत फरक काय, तर हवेची एक फुंकर. शब्द ओळखायला लागणारी बरीच माहिती साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि ती अशी नाजूक असते.

लहानपणी आपण क-च-ट-त-प घोकलं. ती वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी ओठ. जीभ कुठे टेकली हे कानाला या उंच, क्षीण ध्वनींवरूनच कळतं. ते पुसले गेले की उरतो नुसता 'आळ'.

आता बारकडे वळू. त्याच्या आत दोन-अडीच इंचांचे स्पीकर असतात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. एवढ्याशा पडद्यानं ती ढकलायची तर त्याला खूप मागंपुढं हलावं लागतं. बऱ्याच छोट्या बारमध्ये ट्विटर, म्हणजे उंच आवाजांसाठीचा वेगळा बारका स्पीकर, नसतो, म्हणजे पखवाजाच्या थापेसाठी धापा टाकणाऱ्या त्याच पडद्यानं 'ट' आणि 'स' सुद्धा काढायचे. त्यात ते मळतात. शिवाय कानाचा एक स्वभाव आहे. जोराचा खालचा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकतो, आणि आवाज जितका मोठा तितकं हे झाकणं वरपर्यंत पसरतं. आई म्हणाली ते शब्दशः खरं होतं. मी आवाज वाढवला तेव्हा शब्दांवरची चादर जाड केली.

दुसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बार लहान असणं हाच त्याचा दोष होऊन बसतो. प्रत्यक्ष कीर्तन आठवा. बुवा मध्ये पुढे उभे, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला पखवाज. आवाज कुठून येतो हे दोन कान ओळखतात, आणि त्या दिशेच्या जोरावर आपण बुवांचा शब्द टाळांमधून वेगळा काढतो. लग्नाच्या पंगतीत एवढा गलबला असतो, तरी शेजारच्या मामांचं बोलणं आपण ऐकतो ते असंच. कोलिन चेरी या संशोधकानं १९५३ मध्ये यावर प्रयोग केले होते. दोन बोलणी एकत्र मिसळून दिली तर वेगळी काढणं फार कष्टाचं होतं, तीच एकेका कानात वेगवेगळी दिली तर सहज होतं. छोट्या बारमधून टाळ, पखवाज, पेटी आणि बुवा हे सगळे दीड-दोन फुटांच्या एकाच फटीतून बाहेर येतात. टाळांचा किणकिणाट तर नेमका व्यंजनांच्याच पट्ट्यात असतो.

सिनेमात हेच आणखी बिघडतं. सिनेमाचा ध्वनी बहुतेक वेळा सहा वाटांनी (चॅनेलनी) बनवलेला असतो, आणि संवादांची वाट त्यात मधली, स्वतंत्र असते. दोन वाटांच्या बारमध्ये त्या मधल्या वाटेसाठी वेगळा स्पीकरच नसतो. संवाद, पार्श्वसंगीत, स्फोट सगळं त्याच दोन पडद्यांवर येऊन पडतं. खोक्यावर २.० किंवा २.१ लिहिलेलं असेल तर मधली वाट नाही. ३.१ असेल तर आहे. दुकानात हा आकडा आधी बघा. नुसतं 'व्हॉइस' बटण असलं म्हणून भुलू नका. मधली वाट नसेल तर ते बटण बहुतेकदा फक्त बोलण्याचा पट्टा उचलतं, आणि त्या पट्ट्यातले टाळही सोबत उचलले जातात. थोडा फायदा होतो, नाही असं नाही.

आपल्याकडे दक्षिणेतले सिनेमे हिंदी डबिंगमध्ये खूप बघितले जातात. तिथे ओठ आणि शब्द जुळतच नाहीत. आपण सगळेच नकळत ओठ वाचतो. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की ओठ एक अक्षर म्हणत असतील आणि ध्वनी दुसरं असेल, तर माणसाला भलतंच तिसरं अक्षर ऐकू येऊ शकतं. डबिंगमध्ये ओठांचा आधार जातो. ब्लूटूथनं बार जोडला आणि आवाज मागे पडायला लागला तर चांगल्या मराठी मालिकेतही तो जातो. म्हणून शक्य तिथे वायर वापरा, टीव्हीवर एआरसी लिहिलेली एचडीएमआयची जागा असते ती.

आता घराबद्दल. हा विषय माझ्या जिवाचा आहे. माझं बालपण औशाजवळ माळवदाच्या घरात गेलं. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती, खाली शेणानं सारवलेली जमीन. त्या घरात आजोबा पोथी वाचायचे, ती ओसरीपासून माजघरापर्यंत शब्द न शब्द ऐकू यायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड घरांनी किती माणसं गिळली ते या सभागृहात मी सांगायला नको. त्यानंतर सिमेंटची घरं आली, ती यायलाच हवी होती. पण गुळगुळीत गिलावा, स्लॅब, खाली फरशी, यातलं काहीच आवाज शोषत नाही. एक अक्षर विरायच्या आत पुढचं अक्षर त्यावर येऊन पडतं. 'आ' लांबत राहतो आणि पुढच्या 'ट'ला गिळतो.

हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला असंच काम दिलं होतं. एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नव्हते. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून खोलीत मांडल्या, घुमणं किती सेकंदांत विरतं ते मोजलं, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेल्या. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर रचला गेला. मी हे वाचलं आणि माळ्यावरच्या दोन वाकळी खाली काढून भिंतीला टांगल्या.

आईच्या खोलीत मग मी काय केलं ते सांगतो. बार शोकेसमध्ये पितळी भांड्यांच्या मधे, मागे सरकवलेला होता. तो काढून टीव्हीपुढे, टेबलाच्या अगदी कडेला ठेवला. बेस (खालचे, जाड आवाज) खाली आणला, ट्रेबल (वरचे, बारीक आवाज) थोडा वर नेला, आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारं सराउंड बंद केलं. आईची खुर्ची चौदा फुटांवर होती, ती सात फुटांवर आणली. स्पीकर ते कान हे अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचं घुमणं मात्र तेवढंच राहतं. या सगळ्यात खुर्ची हलवण्याचा परिणाम सर्वांत मोठा झाला आणि त्याला एक पैसाही लागला नाही. कूलर खिडकीच्या आतून बाहेर नेला. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कूलर बंद करा असं मी कुणाला म्हणणार नाही, पण त्याचा तो सततचा फर्रफर्र आवाज बारीक व्यंजनांना दिवसभर खात असतो.

पुन्हा तीच शब्दांची परीक्षा घेतली. आता तीन चुकले.

ते तीन कानांचेच होते. वयानुसार कानाची आधी वरची बाजू जाते, म्हणजे 'स', 'फ', 'थ' आधी निसटतात आणि 'आ' शेवटपर्यंत राहतो. म्हणूनच म्हातारी माणसं म्हणतात, ऐकू येतं पण समजत नाही. ते खरं बोलत असतात हो. त्यांच्यावर खेकसू नका. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत, तिथे श्रवणशक्ती तपासून घ्या. आईला मी नेलं. आता एका कानाला यंत्र आहे. बार मी भावाकडे परभणीला दिला, तिथे पोरं त्यावर गाणी ऐकतात आणि त्यासाठी तो छान आहे. आईच्या खुर्चीजवळ एक साधा, पुढे तोंड असलेला स्पीकर ठेवला आहे.

बार घेणारच असाल तर दुकानात गाणं लावू देऊ नका. बातम्या लावायला सांगा, टीव्हीकडे पाठ करा, आणि निवेदिकेनं घेतलेली गावांची नावं कागदावर लिहा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या. ज्यांच्यासाठी घेताय त्यांनी ऐकून ठरवू द्या.

मागच्या रांगेतून ताईंनी विचारलं आहे, वाकळ कुठल्या भिंतीला लावायची? ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीला, ताई. आपल्याकडे दिवाण त्याच भिंतीला चिकटवलेला असतो, आणि तिथून परतणारा आवाज अगदी कानाजवळ येऊन आदळतो. भिंतीपासून चार बोटं पुढे, सैल टांगा, म्हणजे जास्त शोषेल. एकावर दोन टांगल्या तर आणखी चांगलं.