राखीव बाकाचा हिशोब: रासी इरॅस्मस

[दृश्य: स्क्रममध्ये भिडलेले सोळा खेळाडू, मैदानालगतचा कॅमेरा]

जोहान उर्फ रासी इरॅस्मस रग्बीत फ्लँकर म्हणून खेळायचा. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांत अडकून चेंडूसाठी देतात तो रेटा. स्क्रमच्या कडेला बांधलेला हा खेळाडू चेंडू बाहेर पडताच सगळ्यांआधी सुटतो आणि पुढच्या टक्करीवर पोहोचतो. नुसत्या ताकदीवर हे जमत नाही. चेंडू कुठे जाणार, हे आधी ओळखावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डिस्पॅच या छोट्या गावात १९७२ साली जन्मलेल्या रासीकडे ती नजर होती. १९९७मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाविरुद्ध त्याने पदार्पण केलं आणि २००१पर्यंत दक्षिण आफ्रिकेसाठी ३६ कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने खेळला. खेळत असतानाच तो संगणकावर सामन्यांची चिरफाड करत बसायचा. त्याच्यातला प्रशिक्षक तिथेच घडत होता.

२००५मध्ये फ्री स्टेट चीताजने त्याच्या हाताखाली करी कप ही दक्षिण आफ्रिकेतली देशांतर्गत स्पर्धा जिंकली. त्याआधीचं त्यांचं विजेतेपद १९७६चं! स्टेडियमच्या छतावरून रंगीत दिवे लावून खेळाडूंना इशारे देण्याची त्याची तऱ्हा याच काळातली. जॅक निनाबर हा मूळचा फिजिओथेरपिस्ट इथपासून २०२३च्या विश्वचषकापर्यंत त्याच्या सोबत होता. पुढे केप टाउनचा स्टॉर्मर्स संघ, आयर्लंडमधला मन्स्टर क्लब, आणि २०१८मध्ये राष्ट्रीय संघ.

संघाची अवस्था वाईट होती. काही महिन्यांपूर्वीच न्यूझीलंडने ५७-० असा धुव्वा उडवला होता. इरॅस्मसने सिया कोलिसीला कर्णधार केलं, कसोटीत स्प्रिंगबॉक्सचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्या नेतृत्वाखालच्या पहिल्याच सामन्यात, जोहान्सबर्गला, इंग्लंडविरुद्ध ३-२४ अशा पिछाडीवरून संघ ४२-३९ने जिंकला.

[दृश्य: राखीव बाकावरचे आठ खेळाडू]

इरॅस्मसची खरी कामगिरी मात्र या बाकावर दिसते.

कसोटी सामन्यात संघाचे २३ खेळाडू असतात: १५ मैदानात, ८ बाकावर. त्या आठांपैकी तिघे पहिल्या फळीचेच लागतात, म्हणजे स्क्रमच्या अगदी पुढच्या रांगेतले: कडेचे दोन प्रॉप आणि त्यांच्या मधला एक हूकर. स्क्रममध्ये मान आणि पाठीवर येणारा भार जीवघेणा असतो, म्हणून तिथे अप्रशिक्षित माणूस उभा करता येत नाही. उरलेल्या पाच जागांवर बहुतेक प्रशिक्षक दोन फॉरवर्ड (स्क्रममध्ये भिडणारे) आणि तीन बॅक (मागे चेंडू घेऊन पळणारे) घेतात. इरॅस्मसने पहिल्या फळीचे तिघे धरून सहा फॉरवर्ड आणि दोनच बॅक बसवायला सुरुवात केली.

कारण स्क्रममध्येच आहे. पंच एकामागून एक तीन इशारे देतात: वाका, धरा, भिडा. एका बाजूच्या आठ जणांचं वजन नऊशे किलोच्या आसपास. उजव्या बाजूच्या, म्हणजे टाइटहेड प्रॉपचं डोकं प्रतिस्पर्ध्याच्या दोन डोक्यांमध्ये अडकतं, त्यामुळे दोघांचा रेटा त्याच्यावर येतो. पन्नाशीच्या मिनिटांत त्याचे पाय जड होतात, कंबर खांद्यांच्या वर जाते, पाठ वाकते आणि स्क्रम कोसळतो. पंच पेनल्टी देतात. तिचे तीन गुण, नाहीतर थेट प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात लाइनआउट, म्हणजे कडेच्या रेषेवरून चेंडू आत फेकून खेळ पुन्हा सुरू करणं. नेमक्या त्या वेळी समोर ताज्या दमाची पहिली फळी उतरली, तर थकलेल्यांना उसंतच मिळत नाही. या राखीव तुकडीला ‘बॉम्ब स्क्वॉड’ म्हणतात.

[दृश्य: योकोहामा, २ नोव्हेंबर २०१९]

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला. डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना खेळावा लागला. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात दक्षिण आफ्रिकेने किट्सॉफ आणि कॉख हे दोन ताजे प्रॉप उतरवले. स्क्रमवर पेनल्टी मिळत राहिल्या, हान्द्रे पोलार्डने एकट्याने २२ गुण केले. निकाल ३२-१२.

२०२१मध्ये लायन्सविरुद्धच्या पहिल्या कसोटीनंतर पंचगिरीवर टीका करणारी त्याची तासाभराची चित्रफीत बाहेर आली आणि त्याच्यावर बंदी आली. ती शिक्षा योग्यच होती. पंचांच्या चुका दाखवायला स्वतंत्र मार्ग असतो, तो सोडून एका पंचाला जगापुढे उभं करणं खेळाला घातक आहे. त्याच मालिकेत तो पाणी देणारा म्हणून मैदानात उतरत होता. नंतर मुख्य प्रशिक्षकांना आणि संचालकांना हे काम करण्याची मनाई झाली.

२०२३च्या विश्वचषकात निनाबर मुख्य प्रशिक्षक होता, इरॅस्मस रग्बी संचालक. अंतिम सामन्यात बाकावर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक! स्क्रम-हाफ, म्हणजे स्क्रममधून चेंडू बाहेर काढणारा बॅक फाफ डी क्लर्क जखमी झाला असता, तर बाकावर दुसरा स्क्रम-हाफच नव्हता. घाव मात्र भलतीकडेच बसला. तिसऱ्याच मिनिटाला हूकर बोंगी म्बोनाम्बीचा गुडघा गेला. दुसरा अव्वल हूकर माल्कम मार्क्स दुखापतीमुळे आधीच स्पर्धेबाहेर होता आणि त्याच्या जागी संघात पोलार्डला, एका बॅकला घेतलं होतं. उरला ३७ वर्षांचा डिऑन फूरी, त्या काळात मुख्यतः फ्लँकर म्हणून खेळणारा. लाइनआउटमध्ये चेंडू नेमका फेकणं हे हूकरचं काम, आणि तिथेच संघ डळमळीत झाला. तरी पोलार्डच्या चार पेनल्टींवर न्यूझीलंडला १२-११ने रोखलं. बाद फेरीतले तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले.

त्याच स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध डॅमियन विलेम्सेने स्वतःच्या २२ मीटरच्या पट्ट्यात चेंडू झेलून ‘मार्क’, म्हणजे अशा झेलावर मिळणारी फ्री-किक, मागितला आणि फ्री-किक मारण्याऐवजी स्क्रम घेतला. बचावात असताना स्क्रम मागायला आपल्या पहिल्या फळीवर केवढा भरवसा लागतो! जुलै २०२४पासून फ्री-किकवर स्क्रम घेण्याचा पर्यायच नियमांतून काढून टाकण्यात आला. तोवर इरॅस्मस पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाला होता; त्या वर्षीची रग्बी चॅम्पियनशिप दक्षिण आफ्रिकेनेच जिंकली.