शिकवणी ऑनलाइन, पण वही दिसते का?

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या शिक्षकाने नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या मुलाला घरबसल्या गणित शिकवायचं, यात आता नवल नाही. ट्रॅफिकचा तास वाचतो हे खरं, पण खर्च बहुधा भलत्याच जागी होतो. शिक्षकाकडे पेन टॅब्लेट (पेनाने लिहिलेलं कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटवणारी पाटी), माइक, सगळं असतं आणि मुलाच्या वहीसाठी मात्र काहीच नसतं. कंस सोडवताना वजा चिन्ह हरवतं ते तिसऱ्या ओळीत. ती ओळ लिहिली जात असतानाच शिक्षकाला दिसली पाहिजे. तासानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत फक्त चुकलेलं उत्तर दिसतं.

घरातला जुना स्मार्टफोन या कामाला पुरतो. पुस्तकांचा साधारण ३० सेंटिमीटर उंच गठ्ठा करा. फोन त्यावर उताणा, म्हणजे स्क्रीन वर आणि मागचा कॅमेरा कडेबाहेर येईल असा ठेवा. वर एक जाड पुस्तक दाबून ठेवा आणि खाली वही ठेवा. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडे हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी आकड्यांवर पडते. या फोनवरून मीटिंगमध्ये दुसऱ्यांदा जॉइन व्हा, पण त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा. नुसता माइक बंद केला तर स्पीकरचा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरून घुमतो. फोन सपाट ठेवला की ऑटो-रोटेट गोंधळतं आणि वही उलटी दिसते. म्हणून आधी फोन उभा धरून दिशा लॉक करा.

आता शिक्षकाचं टेबल. टॅब्लेटवर काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर अंड्यासारखं दिसतं? टॅब्लेट आणि स्क्रीन यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नाही म्हणून. टॅब्लेटच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो. पेनाच्या दाबाच्या ८१९२ पातळ्या चित्रकाराला लागतात, त्रैराशिकाला नाही.

जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भूमितीसाठी उत्तमच, पण दोन ठिकाणी ते मुलांना चकवतं. कोन मोजताना बिंदू उलट्या क्रमाने टिचकले की ६० अंशांऐवजी ३०० अंश दिसतात. क्रम घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध हवा. दुसरं म्हणजे सेटिंगमध्ये दशांश स्थळं शून्य असली तर कोन पूर्णांकात दिसतात. कोन ५३.४, ६३.३ आणि ६३.३ असले तर स्क्रीनवर ५३, ६३, ६३ येतात, बेरीज १७९! प्रमेयच मोडलं असं मुलांना वाटतं. सेटिंगमध्ये दशांश स्थळं वाढवा. दहावीच्या भौमितिक रचना मात्र कंपासनेच वहीवर काढून घ्या, परीक्षेत माउस नसतो.

पावसाळ्यात लाइट गेली की राउटर बंद पडतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुतेकांवर १२ असतात, काहींवर ९. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागतो. तेही नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच. नेट अपुरं पडलं तर दोघांच्या चेहऱ्यांचे व्हिडिओ बंद करा, वहीचा चालू ठेवा.