नखशिखांत, पण आधी नख

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओ ऐकताना हात रिकामे असतात, म्हणून आधी एक छोटंसं काम सांगते. एका हाताचा अंगठा उजेडात धरा, जरा तिरपा. नखाच्या मुळापासून टोकाकडे गेलेल्या बारीक उभ्या रेघा दिसताहेत? दिसत नसतील तर दुसऱ्या हाताचं बोट त्या नखावरून आडवं फिरवा. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या बोटाला त्या लागतील. मी तीस वर्षं पार्लर चालवलं. या तीस वर्षांत असा अंगठा पुढे करून "कॅल्शियम कमी झालंय का हो?" असं विचारणाऱ्या किती बायका भेटल्या, त्याची मोजदाद नाही. तर, नाही. वयाबरोबर केस पांढरे होतात, तशाच नखांवर या रेघा उमटतात. त्या घासून सपाट करायला जाऊ नका, नख पातळ होतं.

पार्लर आता बंद केलंय. मला कुणाला काही विकायचं नाही, त्यामुळे आज जरा मोकळेपणाने बोलते.

नखाचा जो भाग आपण रंगवतो, कापतो, घासतो, तो जिवंत नसतोच. केसांत असतं तेच केराटिन नावाचं प्रथिन, थरावर थर दाबून बसलेलं. नख घडतं ती जागा असते मुळाशी, कातडीखाली. अंगठ्याच्या बुडाशी पांढुरकी चंद्रकोर दिसते ना, तो त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा कोपरा. 'आठवडाभर पॉलिश लावू नका, नखांना श्वास घेऊ द्या' असं मीही वर्षानुवर्षं सांगत आले. नखं श्वास घेत नाहीत. मुळाला लागणारा प्राणवायू रक्तातून येतो. पॉलिशने नख पिवळं पडतं ते रंगाच्या डागामुळे. आधी बेस कोटचा एक हात दिला की तेही बरंच कमी होतं.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला पाच-सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याचं नख याहून सावकाश, वर्ष ते दीड वर्ष. म्हणजे आज नखावर चोळलेल्या कशाचाही नव्या नखाशी फारसा संबंध नाही, आणि आज पोटात गेलेल्या चांगल्याचा परिणाम टोकाला दिसायला सहा महिने थांबावं लागतं. 'पंधरा दिवसांत नखं भक्कम' असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब आठवा.

वय वाढतं तसा हा वेग मंदावतो. विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी ते स्वतःवर मोजून पाहिलं. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी ते एक खूण करायचे आणि ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते लिहून ठेवायचे. असं एक-दोन वर्षं नाही, पस्तीस वर्षं. वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५. जवळजवळ पाव हिस्सा वेग गेला. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

पण या मंद वेगाचा एक तोटाही आहे. नख सावकाश पुढे सरकतं, म्हणजे त्याचं टोक जास्त दिवस साबण सोसतं, जास्त दिवस भांडी घासतं. नख पाणी शोषून फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसातून वीस वेळा हे झालं की थर सुटायला लागतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. म्हणून भांड्यांना, धुण्याला हातमोजे घाला. ते काढल्यावर हात पुसून नखांना आणि भोवतीच्या कातडीला थोडं तेल नाहीतर पेट्रोलियम जेली लावा. नखं आखूड ठेवा. फाईल एकाच दिशेने फिरवा, करवतीसारखी पुढे-मागे नको. अ‍ॅसिटोनचा रिमूव्हर नख आणि कातडी दोन्ही कोरडी करतो, तेव्हा आठवड्यातून एकदा पुरे.

आता एक कबुली. नखाच्या मुळाशी जी पातळ कड असते, क्युटिकल, ती मी हजारो बोटांची कापली. हात लगेच नीटनेटका दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण ती कड म्हणजे खिडकीच्या काचेभोवती लावलेल्या पुट्टीसारखी असते. ती काढली की आत पाणी जातं, जंतू जातात आणि बोट ठणकायला लागतं. नखुरडं. एक बाई तिसऱ्या दिवशी सुजलेलं, लाल झालेलं बोट घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी ते चिमटे बाजूला ठेवले. ठेवायला उशीरच झाला होता. तुमच्या पार्लरवालीने कात्री उचलली तर "तेवढं राहू दे" म्हणा. ती रागावणार नाही.

गोळ्यांबद्दलही एक सांगायला हवं. केसा-नखांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या बऱ्याच जणी घेतात. या बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. थायरॉईडचे चुकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी करतात त्या ट्रोपोनिनचेसुद्धा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायला जाल तेव्हा ही गोळी आठवणीने सांगा. 'ते काय औषध थोडंच आहे' म्हणून गाळू नका.

पायांकडे येते, कारण खरी आबाळ तिथे होते.

माझ्या सासूबाईंनी एका वर्षी संध्याकाळचं फिरणं सोडलं. विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे दुखतात गं." आम्हीही गुडघ्यांच्या मागे लागलो. एकदा त्या मोजे बदलत होत्या आणि माझं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे गेलं. नख जाड, पिवळट, शिंगासारखं वाकून शेजारच्या बोटात रुतलेलं. बुटात पाय घातला की कळ येत असणार. त्यांना वाकता येत नव्हतं, नख नीट दिसत नव्हतं, आणि सुनेला पायाची नखं काप म्हणून सांगायचा संकोच. मी, दिवसभर परक्यांचे पाय मांडीवर घेणारी! घरातल्या पायांकडे मी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं पाय बुडवून बसवलं. वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला. नेहमीचं नेलकटर त्या जाडीला पुरेना, मोठा कटर आणावा लागला. एका घावात काही होत नाही, कडेकडेने थोडं थोडं घ्यावं लागतं. आणि सरळ कापायचं; कोपरे गोल करून आत शिरलं की नख मांसात वाढतं. दोन बैठका लागल्या. पुढच्या आठवड्यात सासूबाई फिरायला बाहेर पडल्या.

मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र हे घरगुती प्रयोग नकोत. पाय भिजत ठेवणं नको, तळव्याला झालेलं कुरूप ब्लेडने कापणं तर नकोच. असे पाय रोज पाहायचे, तळव्याखाली आरसा धरून, आणि जाड नखं डॉक्टरांकडून कापून घ्यायची.

नख पाहायची सवय लागली की ते बरंच काही सांगतं. मोठं आजारपण येऊन गेलं तर नखावर आडवी खाच पडते. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ साली ती नोंदवली. खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर आजार सुमारे दोन महिन्यांपूर्वीचा. चमच्यासारखं खोलगट नख लोहाची कमतरता सुचवतं. बोटांची टोकं फुगून नखं घुमटासारखी झाली तर फुप्फुसं आणि हृदय तपासून घ्यावं. सावळ्या माणसांच्या पाच-सहा नखांवर फिकट तपकिरी पट्टे असणं सहसा काळजीचं नसतं. पण एकाच नखावर नव्याने काळा पट्टा आला, रुंदावत चालला, भोवतीच्या कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो त्वचेचा कर्करोग असू शकतो. पॉलिशखाली हे सगळं लपतं. शस्त्रक्रियेआधी पॉलिश काढायला सांगतात तेही उगाच नाही. बोटाला लावलेलं यंत्र नखातून प्रकाश पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतं, आणि गडद रंग त्याच्या आड येतो.

त्वचेचं थोडक्यात सांगते. वयाबरोबर तिचं स्वतःचं तेल कमी होतं, म्हणून पाणी कोमट, साबण सौम्य, आणि क्रीम अंग टिपल्यावर, त्वचा ओलसर असतानाच. उन्हाचं मात्र मनावर घ्या. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. २८ वर्षं ट्रक चालवून खिडकीकडची अर्धी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, दुसरी बाजू कितीतरी तरुण. एकाच माणसाचा चेहरा! काचेतूनही अतिनील किरणांचा एक प्रकार आत येतो. सनस्क्रीन ३० एसपीएफचं चालेल, पण हातांच्या पाठीलाही लावा. आणि हात धुतल्यावर ते जातं, हे लक्षात असू द्या.

बीन डॉक्टरांचं वाचल्यावर मीही फाईलच्या कडेने अंगठ्याच्या बुडाशी अगदी हलकी खूण केली आणि कॅलेंडरवर तारीख लिहिली. टोकाला यायला पावणेपाच महिने लागले. कापून टाकताना उगाच जिवावर आलं. दुसरी खूण आता निम्म्यावर आहे. तेव्हापासून मीच माझी नखं दर रविवारी उजेडात धरून पाहते, आणि मग सासूबाईंना हाक मारते. त्या पाय पुढे करतात आणि म्हणतात, "आज आधी डावा."

नमस्कार.