सिटी की काउंटी?

नमस्कार मंडळी. शनिवारची सकाळ आहे, चहा हातात असेलच. नसेल तर ठेवा आधण, मी बोलत राहते.

आजचा विषय ऐकून कुणी रेडिओ बंद करू नका. अमेरिकेत झालेल्या घटस्फोटाचे कोर्टाचे कागद पुन्हा कसे मिळवायचे, हा विषय आहे. "आमच्या घरात नाही बाई असलं काही" असं म्हणणाऱ्यांनी तर मुद्दाम ऐका. तुमच्या घरात नसेल, पण तुमच्या ओळखीत आहे, आणि तुम्हाला ते सांगितलेलं नाही.

आधी तीन प्रश्न देऊन ठेवते, ते पाठ करा. काउंटी, म्हणजे इथला जिल्हा म्हणा, कुठली? साल कुठलं? नाव कसं लिहिलंय? पुन्हा एकदा. काउंटी, साल, नाव. बाकी सगळं यातून निघतं.

अमेरिकेत घटस्फोट वॉशिंग्टनला नोंदवला जात नाही. तो राज्याच्या कायद्याने होतो, आणि कागद साधारणपणे ज्या काउंटीच्या कोर्टात केस चालली त्या कोर्टाच्या क्लार्ककडे राहतात. आता तुम्ही राहता कुठे हे तुम्हाला माहीत आहे, पण काउंटी विचारली की आपण गप्प. फ्रीमाँटवाले अलामीडा काउंटीत, सनीवेलवाले सांता क्लारात. एडिसन मिडलसेक्समध्ये. आमचं शिकागोजवळचं नेपरव्हिल तर ड्युपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलंय, घर कुठल्या बाजूला आहे ते पाहावं लागतं. आणि लक्षात ठेवा, लग्न कुठे लागलं याच्याशी काउंटीचा संबंध नाही. लग्न दादरला लागलेलं असो नाहीतर धुळ्याला, केस कुठे दाखल झाली ते बघायचं.

आता गोष्ट. मंडळी, ही गोष्ट मला फार आवडते. मावशींची परवानगी घेतली आहे, नाव आणि आडनाव बदललंय. समजा, शालनमावशी सहस्रबुद्धे.

मावशी सत्तरीकडे झुकलेल्या नाहीत, तीन वर्षांपूर्वी बासष्ट झाल्या तेव्हाची ही गोष्ट. त्यांना कागद हवे होते सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनसाठी. इथे एक नियम आहे आणि आपल्या बायकांना तो माहीतच नसतो, म्हणून जरा हळू सांगते. लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असेल, तुम्ही बासष्टच्या पुढे असाल आणि पुन्हा लग्न केलेलं नसेल, तर घटस्फोटित नवऱ्याच्या कमाईच्या नोंदीवर तुम्हाला पेन्शन मागता येतं. त्याच्या पूर्ण रकमेच्या निम्म्यापर्यंत. त्याचे पैसे त्याने कमी होत नाहीत, त्याला विचारावंही लागत नाही. दहा वर्षं, मंडळी. नऊ वर्षं अकरा महिने चालत नाहीत.

मावशींचं लग्न २४ मे १९८४, पुण्यात. घटस्फोट १९९४ चा. महिना? आठवेना. आणि कागद? कागदाची त्यांनी त्याच साली बाल्कनीतल्या कोळशाच्या ग्रिलवर होळी केली होती. वर वांगं भाजलं होतं म्हणे. भरीत चांगलं झालं होतं, हेही सांगितलं.

मी म्हटलं, "मावशी, चिठ्ठी लिहू, फी पाठवू, परतीचं पाकीट तिकीट लावून जोडू. पोस्टाने येतं सगळं." येतंही, बरं का. तुम्ही तेच करा. पण मावशी म्हणाल्या, "अगं, त्या गावातून मी एक सूटकेस घेऊन निघाले होते. आता नीट जाऊन येते." तर आम्ही निघालो मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला. पंचावन्न नंबरचा हायवे, दोन्ही बाजूंना मका, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. हायवेवरच्या थांब्यावर जे सँडविच मिळतं त्याला मी अन्न मानत नाही, हे जाता जाता सांगते.

सेंट लुईसला पोचलो ते थेट डाउनटाउनच्या कोर्टात. भव्य इमारत, वर ग्रीक देवळासारखे खांब, त्यांच्यावर पिरॅमिड. मावशी म्हणाल्या, "ही नव्हे गं. ती साधी होती." मी कसली ऐकते! पत्ता सेंट लुईस, कोर्ट सेंट लुईसचं. खिडकीवरच्या बाईंनी नाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "सिटी की काउंटी?"

इथे माझी विकेट पडली. मंडळी, सेंट लुईस शहर सेंट लुईस काउंटीत नाही. १८७६ साली शहराने काउंटीपासून फारकत घेतली, तेव्हापासून दोघांचा संसार वेगळा, कोर्टं वेगळी, दप्तरं वेगळी. आणि तिथले लोक त्या घटनेला काय म्हणतात ठाऊक आहे? ग्रेट डिव्होर्स. मोठा घटस्फोट! हे त्या बाईंनी सांगितलं तेव्हा मावशी इतक्या हसल्या की सिक्युरिटीवाला वळून बघायला लागला. मावशी तेव्हा राहायच्या उपनगरात, म्हणजे काउंटीत. काउंटीचं कोर्ट क्लेटनला, पश्चिमेला वीसेक मिनिटांवर. पुन्हा गाडी काढली.

क्लेटनची इमारत साधी होती. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

खिडकीवर एक तरुण मुलगा. मावशींचं नाव टाकलं, काही नाही. माहेरचं नाव टाकलं, काही नाही. आता आपली नावांची भानगड त्या पोराला काय सांगणार? माहेरी शैला, सासरी शालन. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. ही प्रथा मला कधीच पटली नाही, तांदळात नाव कोरायचं आणि बाईने आयुष्यभर दोन-दोन सह्या सांभाळायच्या. असो.

तो म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांगा. केस बहुतेक त्यांनी दाखल केली असेल."

मावशी थांबल्या. मला वाटलं, आठवत नाही की काय. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणतात, "उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आत्ताच घेते." आणि खणखणीत आवाजात नाव सांगितलं. अक्षर अक्षर करून स्पेलिंगसकट.

तरीही मिळेना! मी तर पर्स उचलली होती. पण त्या पोराची जिद्द बघा. त्याने आडनाव अर्धं करून पाहिलं. आणि सापडलं. मंडळी, तेव्हाच्या वकिलाच्या टायपिस्टने सहस्रबुद्धे हे दोन शब्द समजून टाइप केलं होतं. सहस्र हे मधलं नाव, बुद्धे हे आडनाव. तीस वर्षं मावशींचा घटस्फोट कुणा बुद्धे बाईंच्या नावावर पडून होता.

म्हणून सांगते, नाव कसं लिहिलंय? आडनाव तोडून बघा, जोडून बघा, डबल ए काढून बघा, नवऱ्याच्या नावाने बघा, मधल्या नावाला आडनाव समजून बघा.

मग प्रत आली. पहिल्या पानावर केस नंबर, शेवटच्या पानावर क्लार्कची सही आणि उठावाचा शिक्का. मावशींनी त्यावर बोट फिरवलं. मी तारीख शोधत होते. ९ जून १९९४. मे चौऐंशी ते जून चौऱ्याण्णव. दहा वर्षं आणि सोळा दिवस!

मावशी मटकन बाकावर बसल्या. केस लागली होती मार्चमध्ये. त्यांच्या वकिलाने दोनदा तारीख पुढे ढकलली. "त्याला किती शिव्या घातल्या होत्या मी," म्हणाल्या. "मराठीतून. त्याला वाटायचं मी आभार मानते आहे."

घड्याळ बघते आहे मी. राहिलेलं भराभर सांगते.

डिक्री आणि सर्टिफिकेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डिक्री म्हणजे न्यायाधीशाचा पूर्ण निकाल, पैसाअडका, मुलं, सगळं त्यात. ती कोर्टाकडे. राज्याच्या जन्ममृत्यूच्या खात्याकडे मिळतो तो नुसता दाखला, की अमक्याचा तमकीशी घटस्फोट झाला. मिझुरीत तसा दाखला जुलै १९४८ पासूनचा मिळतो. टेक्सासचं खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं पडताळणीपत्र देतं, डिक्री हवी तर डिस्ट्रिक्ट क्लार्क. कॅलिफोर्नियात राज्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ एवढ्याच नोंदी आहेत, बाकी सगळं काउंटीच्या सुपिरियर कोर्टात. न्यू जर्सीचं मात्र ट्रेंटनला अर्ज करून मिळतं. उपयोग मात्र काउंटी माहीत असण्याचा तिथेही होतोच. साल नक्की आठवत नसेल तर राज्याच्या दाखल्यावरून तारीख आणि काउंटी काढायची आणि मग कोर्ट गाठायचं, हा चांगला रस्ता आहे.

न्यूयॉर्कवाल्यांनो, तुमच्याकडे घटस्फोट सुप्रीम कोर्टात होतो. नाव मोठं असलं तरी ते तिथलं सर्वांत वरचं कोर्ट नव्हे, घाबरू नका. फाइल काउंटी क्लार्ककडे. आणि तिथे ती शंभर वर्षं बंद. नवरा, बायको आणि त्यांचे वकील, एवढ्यांनाच दाखवतात. ओळखपत्र न्या.

बहुतेक राज्यांत मात्र केसची यादी कुणालाही बघता येते. मिझुरीची केसनेट नावाची साइट फुकट आहे, जुन्या केसेस असतीलच असं नाही. आता हे ऐकून काही जण लगेच शेजारच्यांची नावं टाकतील, मला माहीत आहे. पण एक खरं सांगते, दुसऱ्या लग्नासाठी स्थळ बघताना चार ठिकाणी कुजबुज करण्यापेक्षा समोरच्याला सरळ म्हणावं, "डिक्री दाखवाल का?" पत्रिकेतला मंगळ आपण न लाजता विचारतो, मग हे विचारायला काय झालं?

सर्टिफाइड कॉपी मागा. सर्टिफाइड. घरातल्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे ती सर्टिफाइड होत नाही. दोन प्रती घ्या, तीन घ्या. आणि त्याची पिन काढू नका! मी क्लेटनला स्कॅन करायला पिन उपसायला निघाले होते, त्या पोराने काउंटरपलीकडून ओरडून थांबवलं. पिनेची भोकं दिसली की पान बदललं असा संशय घेतात.

कागद भारतात लागणार असेल, म्हणजे तिथे पुन्हा लग्न किंवा मालमत्तेचं काम, तर त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टील घ्या, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र. मिझुरीचं जेफरसन सिटीला. भारत अपॉस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. आणि पाहा योगायोग, १९९१ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने एका गाजलेल्या खटल्याचा निकाल दिला. नवऱ्याने अमेरिकेत घेतलेली डिक्री. कुठली? याच सेंट लुईस काउंटीची. निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, जे पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. डिक्रीच्या प्रतीवर तिथल्या डेप्युटी क्लार्कची सही होती, पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून ती पुराव्यात धरली नाही. आणि कागदापलीकडे मोठी गोष्ट सांगितली. हिंदू विवाह कायद्याने झालेलं लग्न परदेशी कोर्टाने त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून मोडलं आणि दुसरी बाजू आपणहून तिथे हजर झाली नसेल, तर ती डिक्री भारतात मानली जाईलच असं नाही. तेव्हा शिक्का बरोबर असला तरी तिकडच्या वकिलाला एकदा दाखवा.

दोन मिनिटं उरली. मावशींचं काय झालं ते सांगायला हवं.

परतताना स्प्रिंगफील्डच्या अलीकडे मावशींनी चष्मा लावला आणि डिक्री वाचायला घेतली. मागे सामानाच्या वाटणीची यादी जोडलेली. सोफा त्याला, टीव्ही त्याला, स्टीलचे डबे हिला. आणि मग मावशी किंचाळल्या. मी गाडी कडेलाच घ्यायची बाकी ठेवली.

"अगं, मिक्सर मला दिलाय आणि ट्रान्सफॉर्मर त्याला!"

ज्यांनी ऐंशीच्या दशकात पुण्याहून मिक्सर आणलाय त्यांना हे कळेल. आपला मिक्सर दोनशे वीसचा, इथली वीज एकशे दहा. मध्ये ती काळी जड पेटी लावल्याशिवाय चटणी वाटली जात नाही. त्यांचा मिक्सर तीस वर्षं बेसमेंटमध्ये होता, आणि मावशी समजत होत्या की तो बिघडलाय.

सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात त्या माणसाने फक्त दोन तारखा पाहिल्या आणि प्रत परत दिली. पहिला हप्ता जमा झाला त्या आठवड्यात मावशींनी शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर जाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. आणि मला फोन केला, मागे मिक्सरची घरघर चालू होती, दाण्याची चटणी वाटत होत्या.